गाऱ्हाण्याला नकार

माझ्या वडिलांना पहिल्या महायुद्धात बहादुरीचं पदक मिळालं होतं. बसऱ्याकडे तुर्कांशी झालेल्या लढाईत गोळ्या चालू असताना पुढे जाऊन त्यांनी एका जखमी साहेबाला पाठीवर आणलं. रत्नागिरीजवळच्या पालीच्या आतल्या अंगाला असलेल्या आमच्या गावाला एवढं पुरेसं नव्हतं. शिमग्याला दारोदार सोंगं नाचवणारे खेळे आले की त्यांच्यातला एकजण रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचं पदक छातीवर लावून, लाकडी बंदूक घेऊन वडिलांचं सोंग आणी. दर वर्षी तो आदल्या वर्षीपेक्षा जास्त तुर्क मारी. लोक हसत आणि टाळ्याही वाजवत. वडील त्या वेळी काहीतरी निमित्त काढून मागच्या परड्यात जात.

त्या पदकाचं मी खाल्लं आहे. शिपायाचा मुलगा म्हणून रत्नागिरीच्या शाळेत माझी फी माफ झाली, पुढे कोल्हापूरला कॉलेजातही सवलत मिळाली. आमच्या घरात माझ्याआधी चौथीपुढे कोणी गेलं नव्हतं. म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

मी बी.ए. झालो त्या वर्षीचा शिमगा. गिरणीतलं काम सुटल्यामुळे थोरला भाऊ मुंबईहून घरी येऊन बसला होता आणि त्यानं पलटणीत भरती व्हायचं ठरवलं होतं. वडिलांना सांगायचा धीर नव्हता म्हणून त्यानं आधी गावच्या मानकऱ्यांना सांगितलं. ते नात्यानं आमचे चुलतआजोबा. पलटणीत किंवा बोटीवर नोकरीला जाणाऱ्यासाठी देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातल्याशिवाय आमच्याकडे कोणी घर सोडत नसे.

देवाची पालखी आमच्या अंगणात आली. आईनं ओटी भरली. आजोबांनी हात जोडले.

"बा देवा महाराजा, ह्या घरातला मोठा पोरगा पलटणीत जातोय. बापसानं जसं गावाचं नाव केलंन, तसंच ह्याच्या हातनं करून घे, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

घरधन्यानं होकार दिला की गाऱ्हाणं पुरं होतं. आजोबांनी वडिलांकडे पाहिलं.

"नको," वडील म्हणाले.

ढोलवाल्याला वाटलं, झालं. त्यानं एक टिपरू मारलं आणि तो थांबला.

"काय म्हणालास?" आजोबांनी विचारलं.

"ह्याला माझ्यासारखा करू नको म्हणून सांगा देवाला. हितंच राख म्हणावं."

"देवाच्या तोंडावर नाय म्हणतोस? सरकारनं बिल्ला लावलान म्हणून देवापेक्षा मोठा झालास?"

"तुर्क मारून दमला असंल!" मागून कोणीतरी म्हणालं. दोघे-तिघे हसले, पण आजोबांचा चेहरा पाहून गप्प झाले. गाऱ्हाणं तसंच अर्धवट राहिलं. पालखी आमच्या अंगणात न नाचता पुढच्या घरी गेली. आई तिच्या पाठोपाठ अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत गेली आणि परत आली.

भाऊ पडवीत येऊन बसला. "बाबा, तुम्ही गेलात ते चाललं. तुमच्या बिल्ल्यावर हा शिकला. माझ्या वेळेला देव आडवा घातलात."

वडील म्हणाले, "साहेब पुढं पडला होता. वाटेत आमचीच माणसं पडलेली. ओळखीची. पाय धरत होती माझे. साहेबाला आणायचा हुकूम होता. त्यांचे हात सोडवत मी गेलो. येताना त्याच वाटेनं आलो. येताना कोणी पाय धरलेन नाय."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

"विचारलंन कोणी? जो येतो तो तुर्क किती मारलेस तेच विचारतो."

"पण मग मी खाऊ काय?" भावानं विचारलं.

भाऊ भरती झाला नाही. अर्धं गाऱ्हाणं पाठीशी घेऊन पलटणीत जायची त्याची छाती झाली नाही. तो बोटीनं मुंबईला गेला आणि गोदीत हमाली करू लागला. पुढच्या शिमग्याला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. खेळ्यांनी वडिलांचं सोंग आणायचं बंद केलं. आता गावात वडिलांची ओळख सांगताना लोक आधी देवाला नको म्हणणारा असं म्हणत, मग बसऱ्याचं सांगत.

मी मास्तर झालो होतो. एकदा सुट्टीत वडिलांनी मला विचारलं, "मी केलं ते बरोबर काय रं?"

"बरोबरच केलंत, बाबा."

"तू पोटभर जेवतोस. तू व्हयच म्हणशील. त्याला विचारून ये."

मी मुंबईला गेलो. गोदीच्या फाटकाबाहेर, जेवणाच्या सुट्टीत भाऊ भेटला. खांद्यावर गोण्यांचे वळ उठले होते. मी वडिलांचा प्रश्न सांगितला. त्यानं हातातली भाकरी मोडली, अर्धी मला दिली.

"बरा आहे म्हणून सांग," तो म्हणाला. "बरोबर की चूक, ते माझ्या तोंडून काढू नको."

घरी येऊन मी वडिलांना तो बरा आहे एवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "जेवतो काय नीट?" मी हो म्हणालो.