कप्तानाने मला सूर्यमाळला धाडलं

कप्तान नवा खेळाडू बघायला स्वतः कधीच जायचा नाही. ज्याची जागा जायची भीती, त्यालाच तो पाठवायचा आणि तो परत आला की त्याच्या तोंडाकडे बघायचा. "खेळणाऱ्याला काय बघायचं? जळणाऱ्याला बघावं," असं म्हणायचा. पाठवलेला माणूस कौतुक करत आला तर नवा गडी कामाचा नाही. तोंड पाडून आला तर गडी पक्का. जव्हार-मोखाड्यात व्हॉलीबॉलच्या टीम काय कमी आहेत? पण असला छळ दुसरीकडे कुठे नव्हता.

होता साखरशेतचा, तालुक्याच्या कचेरीत कारकून. पण साहेबसुद्धा त्याला कप्तानच म्हणत. खेळणं सोडून त्याला वर्षं झाली होती. भाताची कापणी उरकली की रोज संध्याकाळी मैदानावर हजर, मागच्या रेषेपाशी उकिडवा बसलेला, शेजारी कोऱ्या चहाची किटली. पहिला पेला समोरची सर्व्हिस घेणाऱ्याला. "मारणाऱ्याला टाळ्या मिळतात. घेणाऱ्याला चहा तरी मिळू दे," हे वर. आमच्याकडे सर्व्हिस घेणारा मी. शाळेत मास्तर म्हणून मला मान होता, नाही असं नाही. पण त्या पहिल्या पेल्याची ऐट काही वेगळीच होती. बाकीचे बघत बसायचे आणि मी मुद्दाम सावकाश प्यायचो.

मग माझा खांदा धरला. त्या हंगामात समोरच्यांनी हेरून माझ्यावरच सर्व्हिस मारल्या आणि आम्ही तळाला गेलो. आमच्या स्पर्धेचा नियम असा, की पुढच्या हंगामाआधी सगळे कप्तान एकत्र बसतात, नव्या खेळाडूंमधून पाळीपाळीने एकेक उचलतात आणि तळाच्या टीमची पाळी पहिली. म्हणजे हवा तो गडी आम्हाला मिळणार होता. टीमचं म्हणणं, जव्हारचा उंच पोलीस घ्या, काय मारतो! मीही जोरजोरात तेच म्हणत होतो. का, ते सांगायला नको. कप्तान सगळ्यांचं ऐकून म्हणाला, "मारणारे आपल्याकडे ढीगभर हायेत. बॉल वर आला तर मारतील ना? घेणारा पायजे. सूर्यमाळला सोमा म्हणून एक जण हाये. काशा, तू बघून ये."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण गेलो.

सूर्यमाळचं ते मैदान म्हणजे डोंगराच्या कडेला सपाट केलेला तुकडा. बॉल मागे गेला की थेट दरीत, आणि ज्याच्या हातून गेला त्याने उतरून आणायचा. त्यामुळे तिथे बॉल खाली पडू देणं कुणाला परवडतच नाही. त्यातही हा सोमा! सर्व्हिस कशीही येवो, हा आधीच तिथे उभा. हातावर बॉल असा घ्यायचा की आवाजसुद्धा नाही. खेळ संपल्यावर मला म्हणतो, "मास्तर, तुमचा खेळ मी मोखाड्याला बघितलाय. तुमच्यासारखं घेता आलं पायजे." बरं, चेष्टा करत असता तर चाललं असतं. मेला मनापासून बोलत होता.

परतताना मोटरसायकलवर मी बेत पक्का केला. कप्तान तोंड बघतो ना? मग तोंड हसरं ठेवायचं आणि तारीफ अशी करायची की सोमा जागच्या जागी बाद. कप्तानाच्या घरी पोचलो तर वहिनी भाकऱ्या थापत होत्या. मी ओटीवर बसलो आणि सुरू झालो. एक नंबर गडी, कप्तान! असा बघितला नाही! डोळे मिटून घ्या! कप्तान शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "चल, जेवू या. मटण केलंय."

"नको. भूक नाही," मी म्हणालो.

कप्तान चुलीकडे वळून म्हणाला, "ऐकलंस का गं? सूर्यमाळचा चढ करून आलाय, समोर मटण हाये आणि काशाला भूक नाय." मग माझ्याकडे बघून हसला. "घेतला त्याला."

सोमा आला. माझ्या जागी उभा राहिला. मला पुढे नेटपाशी लावलं, जिथे खांद्याला ताण कमी. पहिला पेला त्याला. त्या हंगामात आम्ही जिंकलो. सोमाला लोकांनी खांद्यावर घेतलं तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या, दात आवळून. खोटं कशाला बोलू? आजही त्याचं कुणी कौतुक केलं की मला कुठेतरी लागतंच. आणि सोमाचा तर रागही धड करता येत नाही, भेटला की वाकून नमस्कार करतो.

गेल्या वर्षी कप्तान निवृत्त झाला आणि मुलाकडे नाशिकला निघाला. जव्हारच्या स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो होतो. सोमा सामान वर चढवत होता. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून मी मनातलं विचारून टाकलं. "कप्तान, आता जाताय म्हणून विचारतो. मलाच का पाठवलंत? दुसऱ्या कुणाला पाठवता आलं नसतं?"

त्याने माझ्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. "ही पद्धत माझी नाय रे. माझ्या आधी टीमचा एक म्हातारा कप्तान होता, त्याची. त्यानं मला धाडलं होतं, शाळेत नवीन मास्तर आलाय, सर्व्हिस चांगली घेतो म्हणतात, बघून ये. मी येऊन सांगितलं, काय खास नाय." मग हसला. "म्हातारा म्हणाला, उद्यापासून तू बाहेर बस."

गाडी निघाली. सोमा हात हलवत होता. मला हात वर करायचंही सुचलं नाही. इतकी वर्षं मी समजत होतो, त्या जागेवर माझ्याआधी कुणी उभंच नव्हतं.