भास म्हणून सोडलेलं दुखणं

माझ्या धाकट्या बहिणीला भास होतात; वीस वर्षं गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षी ती सारखी म्हणायला लागली, "दादा, पोटात लई दुखतंय." देवगाव रंगारीहून मी तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं आणि सवयीनं तिची मनोविकाराची फाइल आधी पुढं केली. ती दाखवली की नंबर लवकर लागतो. फाइल बघून डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. मला विचारलं, "खरंच दुखतं का हिला?"

मी म्हणालो, "काय सांगावं साहेब, तिला कायबी वाटतं."

त्यांनी पोटाला हातही न लावता झोपेची गोळी वाढवली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा एका डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं आणि तिलाच विचारलं. गर्भाशयात कॅन्सरची गाठ निघाली, पसरलेली.

बाकीच्या बायकांची पोटं तपासतात, मग हिचं का नाही? हा संताप मी सगळ्यांपुढं काढतो. तिच्यापुढं तोंड उघडत नाही. परवा ती म्हणाली, "डॉक्टरांना मी परकी. तुला तर माहीत व्हतं ना दादा, मी खोटं बोलत नाय?"

माहीत होतं. खरंच दुखतं म्हणालो तर सोनोग्राफीच्या रांगेत अजून एक दिवस मोडेल, म्हणून मी डॉक्टरांना तसं बोललो होतो.