वजनकाट्यावरची सुधारणा
जुन्याला धक्का न लावता नवे आणणे हेच थोरपणाचे लक्षण, असे आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचे पुण्याचे प्रमुख प्रत्येक बैठकीत सांगत. सोयाबीनच्या धुळीचा वास आला की मला ते वाक्य आणि रिसोडचा एक वजनकाटा आठवतो. काट्याचा प्रोग्राम लिहिणारा गृहस्थ केव्हाच परदेशी गेला होता, त्यामुळे त्यात बदल करणे अशक्य होते. तो प्रोग्राम आमच्या लायब्ररीकडून, म्हणजे इतर प्रोग्रामांना तयार माहिती पुरवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरकडून, संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक घेई आणि तो नोंदवलेल्या क्रमांकाशी जुळला तरच सुरू होई. आम्ही लायब्ररीत नवी सोय केली: कार्डाची माहिती एकदा वाचून जपून ठेवायची, म्हणजे पुन्हा विचारताना वेळ जात नाही. त्यासाठीचा नवा रकाना मी शेवटी ठेवला होता. प्रमुखांना वर्णानुक्रम प्रिय, म्हणून त्यांनी तो सर्वांत वर नेला. जुना प्रोग्राम रकाने नावाने नव्हे, जागा मोजून वाची; त्याला नेहमीच्या जागी भलताच मजकूर सापडला आणि तो सुरूच होईना. मी पोचलो तेव्हा ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर गेली होती. "काल चालून राह्यलं होतं ना भाऊ," काट्याचे मालक चाचा म्हणाले, "मंग कायले सुधारलं?" मी प्रमुखांना फोन लावला. ते म्हणाले, "पण क्रम बिघडेल." चाचांनी फोन माझ्या हातातून घेतला. "साहेब, लोकं मले शिव्या देऊन राह्यले. तुमचा नंबर देऊ का त्याईले?" परवानगी लगेच मिळाली. रकाना शेवटी गेला, काटा सुरू झाला. पुन्हा विचारताना वेळ वाचवणारी ती सोय आजही तिथे आहे. तो प्रोग्राम कार्डाची चौकशी दिवसातून एकदाच करतो, सकाळी सुरू होताना.