ताईने तपासलेली यादी

आमच्या खाडीवर विमानतळ येणार म्हणून पनवेलच्या आसपास गावोगाव सभा चालू होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. पत्रकं मी लिहायचो. पत्रक लिहिणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: माणूस नकाशे बघून हलत नाही, भीतीने हलतो. म्हणून वाचनालयात बसून मी सरकारी विमान कंपनीच्या अपघातांची यादी काढली. उडाल्यावर लगेच समुद्रात गेलेलं, परदेशात बर्फाच्या डोंगरावर आदळलेलं, आकाशातच फुटलेलं, धावपट्टी संपली तरी न थांबलेलं. खाली ठळक अक्षरांत ओळ टाकली, 'हेच उद्या तुमच्या कौलांवर'. करंजाड्यापासून जासईपर्यंत ते पत्रक वाटलं. बायका वाचून आभाळाकडे बघायच्या. मला, खरं सांगतो, बरं वाटायचं.

त्याच कंपनीत माझी थोरली बहीण हवाई सुंदरी होती. आमच्या कोळीवाड्यातली पहिली. बाबांची होडी बुडाल्यापासून घर तिच्याच नोकरीवर चाललं होतं. कोणी टोचलं की मी म्हणायचो, नोकरी वेगळी, लढा वेगळा. उत्तर सोपं होतं, म्हणून मला आवडायचं.

आईला वाचता येत नव्हतं. शेजारच्या वहिनीने ओट्यावर बसून तिला सगळं पत्रक वाचून दाखवलं. आमच्या घरात होडी पाण्यावर असताना बुडालेल्या होडीचं नाव काढत नाहीत. काकांनी एकदा जेवताना काढलं, तर आईने त्यांच्यासमोरचं ताट उचललं होतं. मी तर यादीच छापली होती, आणि वाचन चाललं होतं तेव्हा ताई हवेत होती.

ती दोन दिवसांच्या सुट्टीवर आली. परत जायच्या सकाळी गणवेश घालून तयार झाली, तर आयकार्ड सापडेना. कार्डाशिवाय विमानतळाच्या आत पाऊल टाकता येत नाही. आई दारात टोपलीतला सुका जवळा निवडत बसली होती.

"कार्ड माझ्याकडं हाय," ती मान वर न करता म्हणाली. "देनार नाय."

"आये, गाडी येल आता. परत दांडी पडली तं काढतील मना."

"काढू दे. मासली विकू." मग माझ्याकडे वळली. "तू लिवलंस ते खरं का खोटं? खोटं असल तं गावाला भ्या कशाला दावलंस? आन खरं असल तं हिला कशी पाठवू?"

अधिकाऱ्यांसमोर मी तासभर बोलायचो. तिथे मी खाली वाकून सांडलेला जवळा टोपलीत भरू लागलो.

ताईने माझ्या खिशातलं पेन काढलं, पत्रक मांडीवर घेतलं आणि शाळेतल्या बाईंसारखी तपासायला बसली. "समुद्रातलं बरोबर. डोंगरावरचं बरोबर. हितं धावपट्टीवाल्यापुढं 'कोणीच वाचलं नाही' लिवलंस, ते चूक. वाचलेत. विमान तुटलं, त्या भेगेतून भायेर पडलेत."

"तुना कसं ठाव?" मी विचारलं.

"मी काय नुसती च्या वाटतंय काय, पत्रकवाल्या? ट्रेनिंगात हेच शिकवतात. कोन कुठून भायेर पडला, कोन का आत राहिला. तुझ्यापेक्षा लांब यादी हाय माझी."

"मग भीती नाय वाटत?"

तिने पेनाला टोपण लावलं. "उतरताना आमी हात मांडीखाली दाबून बसतो. दार कुठं, आग कुठल्या बाजूला, पयला कोनाला उचलायचा, मनात म्हनत राहतो. चाक टेकून तुमी उठता ना, तवर मी एक अपघात पुरा करून बसलेली असते. दर वेळी."

यादीतल्या प्रत्येक विमानात असं कोणीतरी हात दाबून बसलेलं असणार, हे लिहिताना मला एकदाही सुचलं नव्हतं. गावाला घाबरवायला निघालेला मी त्या यादीला स्वतः कधी घाबरलोच नव्हतो. आता प्रत्येक ओळीत मला ताई दिसायला लागली.

बाहेर हॉर्न वाजला. आईने टोपलीच्या तळातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं, पण मूठ सोडली नाही. "तू सांग," ती मला म्हणाली. "समदं वाचलंस तू. तू बोललास तं देतंय."

ताई माझ्याकडे बघत होती. विनवणी नव्हती तिच्या नजरेत, घाई होती.

"दे," मी म्हणालो. इतक्या कमी खात्रीचा शब्द मी कुठल्याच पत्रकात लिहिला नव्हता.

गाडी गेली. उतरल्यावर ताई मिस्ड कॉल द्यायची. दोघांच्या मध्ये मोबाईल ठेवून मी आणि आई ओट्यावर बसलो. यायची वेळ झाली, टळली. जवळा तसाच पडला होता, मांजर येऊन खात होतं आणि आई त्याला हाकलत नव्हती. ऊन कलायला लागलं तेव्हा तिने हळूच विचारलं, "तुझ्या यादीत दिसाउजेडी पडलेलं हाय का रं एखादं?"

होतं. कुठलं, ते मला पाठ होतं.

"नाय," मी म्हणालो.