मागच्या स्प्रिंगा आणि माझं वजन

आमच्या ह्यांच्या गाडीला मी कधी सवत म्हटलं नाही. लोखंडाशी काय भांडायचं? लांबलचक, दोन दारांची, स्टीअरिंग डावीकडे असलेली ही जुनी अमेरिकन गाडी शनिवार पेठेतल्या आमच्या सोसायटीत दोन गाड्यांची जागा अडवते, त्यावरून सभेत बोलणी मी खाते, आणि निवृत्त झाल्यापासून हे सदानकदा तिच्याखाली असतात. तेही मी चालवून घेतलं. जळफळाट सुरू झाला तो त्या बाई यायला लागल्यावर.

बाई विश्रांतवाडीच्या, कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. भाऊ गेल्यावर त्याची अशीच गाडी त्यांच्याकडे आली आणि ती त्यांनी स्वतः दुरुस्त केली. जुन्या गाड्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर ह्यांची ओळख झाली. पहिल्या रविवारी स्कूटरवरून आल्या, भाजीच्या पिशवीतून नट-बोल्टचे पाने काढले आणि थेट गाडीखाली गेल्या. केस पिकलेले, पॅन्टला ग्रीस. दिसायला सुंदर असत्या तर मला सोपं गेलं असतं.

ह्यांना कित्येक वर्षं एकच कोडं होतं, आपल्या गाडीचं सस्पेन्शन मूळचं कंपनीचं की नंतर बसवलेलं. ही गाडी एरवी मऊ, झुलणारी यायची. थोड्याच गाड्यांना वेगात वळण घेता यावं म्हणून कंपनीतूनच कडक स्प्रिंगा आणि मागे एक जादा आडवा दांडा असायचा. आमच्या गाडीला तो दांडा होता, पण दांडा काय, नंतर कोणीही लावेल. बाईंनी सांगितलं की दांडा बघू नका, तो चाकांकडच्या ज्या लोखंडी आर्मला जोडलाय तो बघा. साध्या गाडीचे आर्म पन्हाळीसारखे एका बाजूनं उघडे असतात, कंपनीच्या कडक सस्पेन्शनचे पत्रा जोडून बंद केलेले. आमचे बंद निघाले, आणि दांड्यासाठी नंतर भोकं पाडल्याची खूणही नव्हती. हे बाहेर आले तेव्हा चेहरा असा फुलला होता, की मुलीच्या दहावीच्या निकालालासुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता.

घरात मिठाची गुळणी धरून बसणारा हा माणूस दर रविवारी पार्किंगमध्ये घडाघडा बोलायला लागला. मला खिडकीतून सगळं ऐकू यायचं. रबरी बुश चिरलेत, ते बदलायचे. शॉकअब्सॉर्बर गळतायत, तेही बदलायचे. स्प्रिंगा मात्र कंपनीच्या आहेत, त्या घासून, रंगवून पुन्हा त्याच बसवायच्या. कुकरच्या शिट्ट्या होत राहायच्या आणि मी ऐकत उभी असायचे. दुसऱ्याच भेटीत त्या ह्यांना 'अरे' म्हणाल्या. मी लग्नापासून 'अहो' म्हणते. ह्यांना त्या 'अरे'चं काहीसुद्धा वाटलं नाही. मी पोहे दिले तर त्यांनी आवडीनं खाल्ले आणि बशी स्वतः विसळून ठेवली. त्याचाही मला राग आला.

मी विचारलं नाही असं नाही. एकदा जेवताना म्हटलं, बुश म्हणजे नक्की काय हो? हे म्हणाले, "तुला काय करायचंय?" आणि आमटी वाढून घेतली. वाईट हेतूनं म्हणाले नसतील. पण मला ह्यांच्याकडून दुसरं काही नकोच होतं, बोलणं तेवढं हवं होतं, आणि ते सगळं त्या बाईंच्या वाट्याला जात होतं.

नवे बुश बसवले त्या रविवारी ह्यांनी खालून हाक मारली. "अगं, जरा ये. तू हवी आहेस." मी चक्क साडी बदलून गेले. खाली गेल्यावर कळलं काय हवंय ते. गाडी उचललेली असताना बुशांचे बोल्ट आवळले, तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडी चाकांवर, भार घेऊन उभी असताना ते आवळायचे. चारी चाकांखाली लाकडाचे जाड ठोकळे दिले होते आणि ड्रायव्हरच्या जागी एका माणसाचं वजन हवं होतं. ते वजन म्हणजे मी.

मी बसले. हलू नकोस, असं बजावून हे बाईंबरोबर खाली गेले. माझ्या पायांखाली दोघांचं चाललं होतं, तो पाना दे, हा नको, अरे तिकडून धर. कशावरून तरी दोघं हसले. मग बाईंनी विचारलं, "अरे, वहिनी कंटाळल्या असतील ना?"

"छे. तिला बसायची सवय आहे."

दार उघडून मी उतरले. गाडी जराशी वर आली असावी, कारण खालून लगेच आवाज आला, "अगं, उतरलीस का?"

इतक्या वर्षांत मी खोलीतून उठून गेलेलं ह्यांना कधी कळलं नव्हतं. आज स्प्रिंगांना कळलं, म्हणून ह्यांना कळलं.

"उतरले," मी म्हणाले. "आता बाईंना बसवा वर. आमच्या वजनात काही फार फरक नाही. मी येते खाली."

बाई समजूतदार आहेत, हे मला कबूल करायला आवडत नाही. त्या निमूट बाहेर आल्या, हात पुसले आणि जाऊन सीटवर बसल्या. मी पदर खोचला, सतरंजीवर आडवी झाले आणि सरकत आत गेले. ह्यांनी टॉर्च बोल्टवर धरला. मी विचारलं, हाच का तो बुश? हे हळू आवाजात सांगायला लागले, रबर कुठे असतं, ते का पिळतं, पाना कुठल्या बाजूला ओढायचा.

वरून बाईंनी विचारलं, "काय म्हणालास रे?"

"काही नाही," मी म्हणाले. "तुम्ही हलू नका."