साडूंनी स्थळ तपासलं

आमच्या साडूंनी एखादी गोष्ट एकदाच विचारून सोडून दिली, असं अख्ख्या बुऱ्हाणपुरात कुणाला आठवत नाही. मला तर त्यांच्याशी बोलून उठलं की आडवंच व्हावं लागतं. बुधवारा मोहल्ल्यातल्या घरी माडीवर बसून ते पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहितात. चाचणी एकच, पण तिच्या डोक्यावर त्यांनी स्वतः घडवलेलं एक अ‍ॅनोटेशन, म्हणजे चिठ्ठीच म्हणा, चिकटवलेलं असतं. चिठ्ठीत निरनिराळे आकडे: शून्य, उणे, भलताच मोठा, आणि एक जागा मुद्दाम रिकामी. संगणक चिठ्ठी वाचतो आणि दर आकड्याला तीच चाचणी नव्याने चालवतो. अशा चिठ्ठ्या तयारही मिळतात, असं मी ऐकून होतो. तसं म्हणालो, तर साडू दुखावले. "साडूभाऊ, तयार चिठ्ठीत माझ्या शंका कुठे मावतात?"

हे माडीवरच राहिलं असतं तर मेहुणीचे केस इतके पिकले नसते. पण ते जिना उतरून बाजारात जातं. मावा जिलेबी घ्यायची तर आधी पाव किलोचा भाव, मग पन्नास किलोचा, आणि शेवटी, "काहीच नाही घेतलं तर?" हलवाई कढईतून मान वर न करता म्हणतो, "तो घर जाओ, बाबूजी."

त्यांच्या एकुलत्या एका लेकीला खकनारचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. पोरीला तो मनापासून आवडलेला, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक. "जिजाजी, ह्यांना आवरा हं आज," मेहुणीने मला बजावलं. मी काय आवरणार, कपाळ! मुलाकडची मंडळी आली, पोहे झाले आणि चहाचा ट्रे साडूंनी स्वतः आणला. मुलाच्या वडिलांना तळाला घोटभर, आईला बशीत सांडेस्तोवर, आणि मुलाच्या हातात कोरडा, रिकामा कप. मी डोळे मिटून घेतले. चिठ्ठी लागली होती.

मुलगा कपात बघून नम्रपणे म्हणाला, "काका, ह्यात चहा नाहीये."

"बरोबर!" साडू खुशीत. "मग आता काय कराल?"

मुलाचे वडील ताडकन उठले. "चल रे. मजाक लावला आहे इथं."

आतून पोरगी धावत आली. चेहरा पांढराफटक. "बाबा, बस ना आता! हे पास झाले तरी तुम्ही आणखी काहीतरी टाकून बघाल. माझं काय?"

साडूंनी ट्रे खाली ठेवला. मग व्याह्यांपुढे हात जोडले. "माफी द्या. तुमच्या मुलाला नापास नव्हतं करायचं. दिवसभर माझी एकेक गोष्ट मी पुन्हा पुन्हा चालवून बघतो. पोरगी एकदाच द्यायची असते. मला भीती वाटली."

ते गृहस्थ दारात चप्पल घालून उभे होते. मग चप्पल पायातून काढून परत बसले. "आमची पण गेली सासरी," एवढंच म्हणाले.

लग्न झालं. बिदाईची गाडी नाक्यापलीकडे दिसेनाशी झाली, तरी साडू हात वर धरून उभेच. शेवटी मी तो हात धरून खाली आणला आणि आम्ही दोघं चालत घरी आलो.