नकाशेवाली थोरली आणि हललेला फोटो

थोरलीला दुसऱ्याचं चांगलं झालेलं सोसत नसे. हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं, पण ती त्याला 'बारीक नजर' म्हणायची. लहानपणी बहिणीची रिबीन आपल्यापेक्षा लांब तर नाही ना, हे ती बहीण झोपली की ताणून बघायची. लग्न होऊन आली तेव्हा घरात ती एकटीच सून, त्यामुळे ही नजर काही वर्षं बिनकामाची पडून राहिली. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि नजरेला पुन्हा काम लागलं.

वर धाकटी जाऊ चिकटली तीही थोरलीच्याच ऑफिसात. जुन्या कागदांचा सरकारी संग्रह. कपाटातलं जुनं काढायचं, स्कॅन करायचं, वेबसाइटवर चढवायचं, म्हणजे लोकांना घरबसल्या बघता येईल, असं तिथलं काम. थोरलीकडे नकाशे होते. चादरीएवढा नकाशा ती काचेखाली असा पसरायची की सुरकुती औषधाला सापडू नये. शाई पुसट असली तर दिवा तिरका करायची, श्वाससुद्धा जपून घ्यायची. धाकटीच्या वाट्याला आल्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या काचा, म्हणजे काचेवरच्या जुन्या निगेटिव्ह. अनोळखी घरांचे अनोळखी चेहरे, कुणाचं नाव नाही की पत्ता नाही.

"भंगार दिलंय बिचारीला," थोरली नवऱ्याला म्हणाली. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

आणि त्याच भंगारातला एक फोटो लोकांनी डोक्यावर घेतला. खुर्चीत बसलेली एक तरुण बाई, मांडीवर पोर. पोर ऐन वेळी हललेलं, त्यामुळे तोंडाच्या जागी नुसता धुरकट फराटा. मागे दुसरी बाई उभी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. खाली लोकांनी लिहिलं, 'आमचा धाकटा अगदी असाच.' 'आईची आठवण आली.' 'हे पोर पुढे कोण झालं असेल?'

"हललेला फोटो!" थोरली डबा खाताना फणकारली. "माझा नकाशा केसभर हलला तर मी परत घेते. हिचं पोर अख्खं हललंय, तर लोक कौतुक करतायत!"

"पोट दुखतंय का बाई?" शेजारच्या टायपिस्टने विचारलं.

"मला कशाला दुखेल?"

दुखत होतंच. सकाळी चहा उकळेपर्यंत, दुपारी बसस्टॉपवर, संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती मोबाइलवर तो फोटो उघडायची. खालचा बघणाऱ्यांचा आकडा बघायची. वाढलेला असायचा. मग कोणी काय लिहिलंय ते वाचायची आणि पुन्हा वर जाऊन त्या तीन माणसांकडे डोळे वटारून बघत बसायची.

अशात साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "मोठं स्कॅनर मंजूर झालंय, पण एकच. नकाशे किंवा फोटो. ज्याचा लोकांना जास्त उपयोग, त्याचं काम पुढे चालेल. दुसरं कपाटात जाईल, आणि ते करणारी दारावर पास लिहील."

उपयोग मोजायला बाहेरून एक बाई आली. सगळे तिला मोजणीवाली म्हणू लागले. ती नुसते आकडे बघत नव्हती. कोण परत येतं, किती वेळ थांबतं, काय उतरवून नेतं, ते हुडकत होती. माणसं गाठून विचारत होती, "तुम्हाला ह्याचा काय उपयोग झाला?" थोरलीला वाटलं, नकाशा बघून कोण रडणार?

शेवटच्या बैठकीत मोजणीवालीने कागद पुढे ओढला. "फोटो जरासे पुढे आहेत. त्यातही हा पोराचा. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून बघितलेलं आम्ही धरत नाही, पण बाहेरचा एक मोबाइल असा आहे की रोज येतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ. लोक औषध घेतात तसा. अन् थांबतोही केवढा! त्या माणसाला मला भेटायचंय."

थोरलीने पदर सारखा केला. गप्प बसली असती तर निभावलं असतं. नकाशे गेले असते, पण अब्रू राहिली असती.

तेवढ्यात धाकटी डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, बघा ना, कुणीतरी किती मायेनं बघतंय! फोटोतल्यांचंच कुणी असेल."

हे मात्र थोरलीला गिळवेना. आपला एवढा जळफळाट, आणि तोही हिच्याच खात्यात माया म्हणून जमा?

"माया कसली डोंबलाची! मी बघते तो फोटो! मी!"

साहेबांचा कप हातातच राहिला.

"तुम्ही? कशासाठी?" मोजणीवालीने विचारलं.

"किती जणांनी बघितला ते बघायला."

"अहो, तुम्ही बघितलेलंही त्यातच मिळवलं जात होतं."

थोरलीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "म्हणजे हिचा आकडा मी...?"

"तुम्हीच फुगवलात."

टायपिस्टने हसू दाबायला तोंडाला रुमाल लावला.

मोजणीवाली मात्र सोडेना. "आकडा बघायला एवढा वेळ लागत नाही. फोटोवर थांबून काय बघत होता?"

थोरलीने मोबाइल काढून तो फोटो तिच्यापुढे धरला. मग म्हणाली, "मागची बाई. सगळे पोराकडे बघतात. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, पोराकडेही नाही. खुर्चीवर बसलीये ना, तिच्याकडे बघतेय. थोरली असणार ती. खुर्ची तिला मिळायला हवी होती."

कुणी हसलं नाही. मोजणीवालीने ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं. नंतर नियमाप्रमाणे थोरलीचं बघणं वजा केलं. फोटो खाली उतरले, नकाशांच्या बरोबरीला आले. मग तिने सांगितलं, एक नकाशा पाणीखात्यातल्या माणसाने एकदाच उघडला होता. त्यावरून बुजलेला नाला सापडला आणि एका वस्तीत पाणी शिरायचं थांबलं. एकदाच बघितलेलं, पण पारडं तेवढ्याने झुकलं.

स्कॅनर थोरलीला मिळालं. धाकटी दारावर बसली. दोघी एकाच बसने घरी यायच्या, पण धाकटी आता खिडकीबाहेर बघायची.

"बोल की काहीतरी," थोरली एकदा म्हणाली.

"काय बोलू वहिनी? तुमचं नवं यंत्र आवाज करतं म्हणे फार."

त्या आवाजातली धार थोरलीने बरोबर ओळखली. तिच्याच घरची होती ती. जिवाला जरा बरं वाटलं, आणि वाटलं म्हणून लाजही वाटली.

घरी पोचल्यावर तिने चहा टाकला आणि सवयीने मोबाइल काढला. आता तिचं बघणं कुणी धरणार नव्हतं. फोटोखाली नव्या माणसांनी लिहिलं होतं, 'ह्या स्टुडिओचे पुढचे फोटो कधी?' 'थांबलात का?' खाली खाली लिहीतच होते. तिच्या नकाशांखाली असं कुणी कधी लिहिलं नव्हतं.

चहा उतू गेला तरी ती वाचत होती.